डॉक्टरच पेशंट झाली तर: केमो, डे-केअर आणि "तुम्हाला काय सांगायचं मॅडम"

भूलवाली_बाई:

नमस्कार मंडळी. मी इथली जुनी वाचक, लिहीत नाही फारसं, आपली बेळगावी मिठाई कुंदा कुणाचा चांगला त्या धाग्यावर एकदा भांडून गेलेली तेवढंच. परवा कुणीतरी केमोबद्दल विचारलेलं, उत्तर टाइप करायला बसले आणि लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढला.

मी भूलतज्ज्ञ. एका जागी नोकरी नाही, फिरती. सकाळी टिळकवाडीत सिझर, दुपारी खानापुरात हर्निया आणि रात्री संकेश्वर नाहीतर निपाणीहून फोन, मॅडम निघा लवकर. पेशंटशी आमचं बोलणं किती, तर उपाशी आहात का, दात हलतोय का, बीपीची गोळी घेतली का. मग तो झोपतो, आणि उठल्यावर सर्जनच्या पाया पडून घरी जातो. तक्रार नाही, आमच्या धंद्याची रीतच ती.

गेल्या वर्षी डाव्या स्तनात हाताला गाठ लागली, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठींतही निघालं, मग केमो आलीच. आधी एसी, म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, बारा वेळा. लोक विचारतात डॉक्टर असल्याचा फायदा काय झाला. नंबर लवकर लागतो, खोटं कशाला बोलू. तोटा असा की तुम्हाला कोणी काही सांगत नाही.

पहिल्या दिवशी ज्युनिअर डॉक्टर फाइल घेऊन आला. माझ्या शेजारी हुक्केरीकडच्या एक बाई होत्या, त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसला आणि कन्नडमध्ये चांगलं अर्धा तास समजावलं, काय खायचं, काय नाही, ताप आला तर कुठं फोन करायचा, तोंड आलं तर काय. मग माझ्याकडं वळला. मॅडम, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला सगळं माहीतच आहे. सही घेतली, गेला. आता मला माहीत काय होतं, तर अ‍ॅड्रियामायसिन हृदयाला काय करतं ते, म्हणून आधी टूडी एको करतात ते, आयुष्यभराची मर्यादा अंगाच्या दर चौरस मीटरला साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम आणि माझी चार वेळची बेरीज 240 होणार ते. घरी जाऊन काकडी खायची की नाही ते माहीत नव्हतं. त्या हुक्केरीच्या बाईंना विचारलं मी. त्यांनी सांगितलं, नीट धुऊन साल काढून खायची, उघड्यावरची कापलेली नाही.

आता डेक्साची गंमत. डेक्सामेथासोन आम्ही भूलवाले रोज देतो, ऑपरेशननंतर उलटी होऊ नये म्हणून, केमोआधीही त्याचसाठी देतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की शिरेतून भरकन दिलं तर खाली, म्हणजे अगदी नको त्या जागी, जळजळ आणि खाज सुटते. आम्ही ते पेशंट झोपल्यावर देतो, त्यामुळं आजवर एकानंही तक्रार केलेली नाही. डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या वॉर्डात, सिस्टरनं सिरिंज लावली आणि ढकलली, मी जागी, आणि पुढचं मिनिटभर आरामखुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते. आजूबाजूला दहा माणसं, बोंबलायचं तरी काय म्हणून? सिस्टरला नंतर हळूच म्हटलं, अगं सांगायचं तरी. तिचं उत्तर: मॅडम तुम्हाला माहीत असेल वाटलं. पुढच्या वेळी छोट्या सलाइनमध्ये घालून सावकाश सोडायला सांगितलं, काही झालं नाही. घेणाऱ्या सगळ्यांनी हे मागून घ्या, लाजू नका.

लाल औषध, म्हणजे ते अ‍ॅड्रियामायसिन, मात्र ती सिस्टर इतकं छान द्यायची की मी बघत बसायची. ते पंपावर लावून निघून जात नाहीत, वाहत्या सलाइनमध्ये हातानं थोडं थोडं सोडतात, कारण शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. दर थोड्या वेळानं पिस्टन जरा मागं ओढून रक्त येतंय का बघायची, आणि विचारायची, अक्का, उरी आगतदा? जळतंय का? माझ्याशी मराठीत बोलायची, खरं हा एक प्रश्न कायम कन्नडमधूनच. माझी डावी बाजू ऑपरेशनची म्हणून सुई फक्त उजव्या हाताला, आणि दुसऱ्या वेळेपर्यंत त्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक. काळोख्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, हाताला लागेल ती शीर धरणारी मी, आणि माझीच मिळेना. मग गळ्याच्या हाडाखाली पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवून घेतला. बसवायचा असेल तर सुरुवातीलाच बसवा.

अजून बरंच आहे, विचारा तसं लिहीन. तुमचे, घरच्यांचे अनुभव पण लिहा. "फायटर आहात" वगैरे लिहू नका कृपया, खुर्चीत बसून सलाइन घेतलंय फक्त.

संकेश्वरी_मिरची:

बाई!!! डेक्साचं वाचून मी फोन ठेवून ओरडले. माझ्या मावशीला अगदी हेच झालेलं, आणि ती बिचारी लाजेनं कुणाला बोललीच नाही, तिला वाटलं अ‍ॅलर्जी आलीय आणि सांगितलं तर केमो बंद करतील. प्रत्येक वेळी जायच्या आदल्या दिवशी रडायची, आम्हाला वाटायचं सुईला भितीय. शेवटी मला सांगितलं ते पण लाइट बंद करून. एक वाक्य कुणी आधी बोललं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली म्हणून तिला रात्री अकराला रिक्षात घालून नेलं आम्ही. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी हसून परत पाठवलं.

भूलवाली_बाई:

मिरचीताई, ते औषधाचाच रंग, एक-दोन दिवस राहतो, रक्त नव्हे. खरं रात्री नेलंत ते बरोबरच केलंत, कुणी सांगितलं नसेल तर माणूस नेणारच. हसायचं काय त्यात.

खानापूरकर_वाट्टेल_ते:

मॅडम आमच्या आबांना लिम्फोमा, म्हणजे अंगातल्या गाठींचा कॅन्सर, निघालाय, आर-चॉप म्हणून केमो चालू आहे बेळगावात. गाव कणकुंबीच्या बाजूला, आणि पावसात आमच्याकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, रात्री गाडी काढायची म्हणजे झाड पडलंय का रस्त्यावर ते आधी बघायचं. पहिल्या केमोनंतर नवव्या का दहाव्या दिवशी संध्याकाळी अंग गरम लागलं, आईनं क्रोसिन दिली, उतरला, सगळे झोपलो. सकाळी बीपी इतकं खाली की आबा उठून बसेनात, आयसीयूत पाच दिवस. नंतर डॉक्टर म्हणाले क्रोसिन का दिली. अहो घरात ताप आला तर क्रोसिन नाही द्यायची तर काय द्यायचं, आम्हाला कोण सांगितलंय? कागदावर लिहिलेलं होतं म्हणे, इंग्लिशमध्ये, चौथ्या पानावर.

दुसरी केमो पुढच्या आठवड्यात आहे, नेमकं काय करायचं ते सरळ सांगा.

भूलवाली_बाई:

सरळ सांगते. थर्मामीटर घ्या, डिजिटल, दोन घ्या, एक ऐन वेळी सेल संपलेला असतोच. हात लावून ताप बघायचा नाही. 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर दिसला, म्हणजे 38 सेल्सिअस, की निघायचं. सकाळ होऊ दे, गोळीनं उतरतोय का बघू, असलं काही नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात, त्यातही न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेले तर जंतूंना अडवायला अंगात कोणी उरत नाही. पू धरत नाही, खोकला येत नाही, ताप हा एकच निरोप असतो आणि क्रोसिननं तोच पुसला जातो. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

आबांच्या बाबतीत अजून एक. आर-चॉपमध्ये पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात, स्टेरॉइड. त्यानं झोप उडते, शुगर चढते, भूक उगाच वाढते, आणि ताप पण झाकला जाऊ शकतो. म्हणून थंडी वाजून आली, गळून गेले, बोलण्यात गडबड वाटली तर थर्मामीटर काहीही दाखवू दे, न्या.

आणि माझं ऐकाल तर ते मधले सात-आठ दिवस आबांना गावी ठेवू नका पावसाळ्यात. बेळगावात कुणी पाहुणे असतील त्यांच्याकडं ठेवा, नाहीतर खानापुरात तरी. वाटेवरच्या कुठल्या हॉस्पिटलात रात्री सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, होते आणि इंजेक्शन मिळतं ते आत्ताच फोन करून ठेवा. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य "केमो चालू आहे, अमुक तारखेला घेतली" हे म्हणायचं, नुसतं "ताप आलाय" म्हटलं तर रांगेत बसवतील. डॉक्टरांना पेशी वाढवायच्या इंजेक्शनबद्दलही विचारा, पेगफिलग्रास्टिम, केमोच्या दुसऱ्या दिवशी देतात. मला दिलेलं. त्यानं कंबर आणि मांडीची हाडं आतून ठणकतात, ते पेशी तयार होताना दुखतं, घाबरू नका.

खानापूरकर_वाट्टेल_ते:

वडगावात आत्याकडं ठेवतो. आत्या आणि आबांचं पटत नाही खरं आता इलाज नाही.

शहापूर_जुनी_पेठ:

सगळ्यांचा मान ठेवून लिहितो. आमच्या गल्लीत तीन जणांना केमो दिली, तिघंही खंगत गेले. केमो हे केमिकलच शेवटी, विष आहे ते. शिवमोग्याकडं झाडाच्या सालीचं औषध देतात, पहाटेपासून लोक रांगेत असतात, काही साइड इफेक्ट नाही. आणि घरच्या घरी सदाफुलीची पानं, रोज चार. निसर्गात सगळ्यावर औषध आहे पण डॉक्टर लोक सांगणार नाहीत कारण त्यांचं दुकान बंद होईल. मॅडम तुम्हाला उद्देशून नाही.

भूलवाली_बाई:

मला उद्देशून असलं तरी चालेल, दुकान माझंच आहे.

विष आहे हे खरंच. सायक्लोफॉस्फमाइड ज्या घराण्यातलं आहे त्याचा मूळपुरुष मस्टर्ड गॅस, पहिल्या महायुद्धातला. त्यानं पांढऱ्या पेशी मरतात हे दिसलं म्हणून 1940 च्या दशकात अमेरिकेत लिम्फोमाच्या पेशंटवर त्याच्या भावंडाचा प्रयोग केला, तिथून केमो सुरू झाली.

आणि निसर्गाचं म्हणाल तर माझ्या अंगात जे गेलं त्यात अ‍ॅड्रियामायसिन इटलीतल्या मातीतल्या जंतूपासून आलेलं, म्हणून एड्रियाटिक समुद्राचं नाव त्याला. पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलं, वॉल आणि वाणी या दोघांनी 1971 मध्ये त्याची रचना छापली, त्यातले मनसुख वाणी हे मूळचे आपल्या इकडचे, भारतातले. म्हणजे सालीचंच औषध घेतलंय मी पण, नेमकं किती मिलिग्रॅम ते मोजून. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, खानापूरकरांच्या आबांच्या आर-चॉपमध्ये ते आहेच. खरं ते एका वेळी जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम देतात हो! त्याच्या वर गेलं की नसा जातात, आतडं हलायचं थांबतं. तुमच्या चार पानांत किती आहे ते ना तुम्हाला माहीत ना सदाफुलीला. वर केमो चालू असताना यकृतावर आधीच बोजा, त्यात हे. कृपया इथं वाचणाऱ्या कुणीही पानं खाऊ नका.

तुमच्या गल्लीतल्या तिघांबद्दल वाईट वाटलं. कुठल्या स्टेजला गेले होते ते मला माहीत नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

रानवाटा_जांबोटी:

थोडं अवांतर होतंय. आपल्याच रानातलं नरक्या नावाचं झाड माहीत आहे का कुणाला? सह्याद्रीत सगळीकडं आहे, आमच्या जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूलाही. फुलाला असा घाण वास की जवळ थांबवत नाही. त्याच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन निघतं आणि त्यापासून केमोची औषधं करतात. त्यापायी इतकी चोरटी तोड झाली की मोठी झाडं दिसायची बंद झाली काही पट्ट्यांत. ट्रकनं माल पकडल्याच्या बातम्या येतात अधूनमधून.

भूलवाली_बाई:

अगदी. इरिनोटेकन आणि टोपोटेकन, आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरला वापरतात. ते कॅम्प्टोथेसिन पण आधी वॉल आणि वाणींनीच शोधलं, 1966 मध्ये, चिनी झाडात. आपल्या नरक्यात ते भरपूर आहे हे कळलं आणि नरक्याचे हाल सुरू झाले.

अंगोळचा_मामा:

पैशाचं पण कोणीतरी लिहा की ओ. आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न तोच. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत होतं, केमो बसते त्यात. खरं सरकारी हॉस्पिटलातून रेफरल लागतं बऱ्याचदा, ते आधी करून घ्या, नंतर पळापळ करून सोडतात माणसाला. आणि महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय, त्याचं काय झालं पुढं, कुणी घेतलीय का?

कट्टा_बेळगाव:

मामा, ती योजना जाहीर झाल्यावर इथल्या सरकारनं काय गोंधळ घातला ते विसरलात काय. आजारी माणसाला औषध देतो म्हटलं तरी यांच्या पोटात

(संपादित)

अ‍ॅडमिन:

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं जावा. इथं फक्त आजार, उपचार, योजना. कट्टा, तुमचं अर्धं पोस्ट काढलंय, पुढच्या वेळी पूर्ण काढीन.

संकेश्वरी_मिरची:

मामा, मावशीचं कोल्हापूरला झालं, पाहुणे तिकडं होते म्हणून. आधी सगळे मुंबईला टाटाला न्या म्हणत होते. चालुक्य एक्स्प्रेसनं एकदा गेलो पण, परळच्या फुटपाथवर झोपलेली माणसं बघून मावशीच म्हणाली मी इथं नाही राहणार. तिथल्या डॉक्टरांनीच कागदावर लिहून दिलं, ही केमो गावाजवळ घ्या, सारखीच असते.

भूलवाली_बाई:

सारखीच असते. टाटाच्या पुढाकारानं 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं ते त्यासाठीच, की देशभर एकाच पद्धतीनं उपचार व्हावेत. निदानाबद्दल शंका असेल, स्लाइड परत तपासायच्या असतील तर एकदा मुंबई नाहीतर बेंगळूरला किडवाई कॅन्सर हॉस्पिटलला जरूर जा. खरं केमो घराजवळच घ्या. ताप आल्यावर परळ कामाचं नाही.

निपाणीची_सून:

मी पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर समजून घ्या. सासूबाईंना स्तनाचाच कॅन्सर हाय, एसी चालू हाय, दोन झाल्यात. घरात दीर, नणंदा सगळ्यांनी ठरवलंय की त्यांना सांगायचं न्हाई. गाठीचं ऑपरेशन झालं आणि आता ताकदीचं सलाइन देत्यात असं सांगितलंय. त्यांनी सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला, आता कुठं सुखाचे दिवस, त्यात हे कळलं तर खचतील असं दीर म्हणत्यात. दवाखान्यात मीच घेऊन जातो, आणि प्रत्येक वेळी सिस्टरला डोळ्यानं खुणा करून माझं डोकं उठतंय. केस गेल्यावर तर काय सांगायचं तेच कळंना, दीर म्हणाले उष्णता म्हणून सांग. मॅडम तुम्ही दोन्हीकडनं बघितलंय, काय करू?

हिंडलगा_दादा:

ताई, दिरांचं बरोबर आहे. माझ्या वडिलांना एका अतिशहाण्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, त्या दिवसापासून माणूस जेवला नाही धड. आपली माणसं म्हणजे फॉरेनचे लोक नव्हेत, सगळं तोंडावर सांगायला. नाव ऐकूनच अर्धा जीव जातो. डॉक्टर लोकांना काय, सांगून मोकळे.

येळ्ळूर_गुरुजी:

मी निवृत्त शिक्षक. माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही लपवले होते. ती गेली तेव्हा तिच्या नावावरच्या शेताचे, मुलीला द्यायच्या पाटल्यांचे काहीच बोलणे झाले नाही, कारण बोलायचे तर कारण सांगावे लागले असते. आम्ही दोघे शेवटचे महिनाभर एकमेकांशी पावसापाण्याचे बोलत होतो. दादांचे म्हणणे मला कळते. तरीही मी पुन्हा तसे करणार नाही.

भूलवाली_बाई:

दादा, तुमच्या वडिलांना ज्या पद्धतीनं सांगितलं असेल तिचा मला राग येतो. उभ्या उभ्या, दारात, फाइल बघत सांगणारे असतात, मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी उभी राहिलेय. खरं म्हणून लपवावं असं नाही.

माझंच सांगते. माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट आला तो पॅथॉलॉजिस्टनं माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितला. नवरा पण डॉक्टर, हाडांचा. त्यानं माझ्या भावाला फोन केला, भावानं त्याच्या ओळखीच्या ऑन्कोलॉजिस्टला, आणि मी तेव्हा खानापुरात एका म्हाताऱ्याच्या कमरेत स्पायनलची सुई घालत होते. संध्याकाळी घरी आले तर तिघं जण सोफ्यावर, चहा न घेता बसलेले, आणि ऑपरेशनची तारीख पण ठरलेली. प्रेमानं केलं सगळं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. गाठ माझी, ओ!

निपाणीच्या ताई, तुमच्यापुरतं व्यवहाराचं बोलते. वर खानापूरकरांचं वाचा. सासूबाईंना रात्री थंडी वाजली तर त्या तुम्हाला उठवतील का? ताकदीचं सलाइन चालू असलेली बाई सुनेची झोप मोडणार नाही, घोंगडी ओढून पडून राहील. तोंड आलं तर तिखट बंद करतील, सांगणार नाहीत. नाव नंतर सांगा वाटलं तर, खरं एवढं तरी सांगा की हे औषध जोरकस आहे, यानं पेशी कमी होतात, ताप आला तर जीवावर बेततं, लगेच सांगायचं. आणि घरात कोणी बोलायला तयार नसेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा की पुढच्या वेळी दोन मिनिटं त्यांच्याशी एकटीशी बोला, त्यांना किती जाणून घ्यायचंय ते त्यांनाच विचारा. काही जण खरंच म्हणतात मला नको सांगू, माझ्या लेकाला सांग. तसं म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय.

संकेश्वरी_मिरची:

बाई, जेवणाचं काय केलंत? मावशीला सगळं लोखंडासारखं लागायचं.

भूलवाली_बाई:

मला आमटी तांब्याच्या पैशासारखी लागायची. स्टीलचा चमचा टाळला, हातानं खाल्लं, भाकरी-ताक चाललं, आंबट चालायचं. गोड अजिबात नाही, कुंद्याच्या बाबतीत माझं मत त्या काळात कुणी विचारू नये. तोंड आलं की कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. उलटीचं औषध उलटी व्हायच्या आधी घ्यायचं, नंतर नाही. ओलांझापिन रात्री दिलेलं मला, त्यानं मळमळ छान थांबते आणि सकाळी साडेनऊपर्यंत माणूस उठत नाही. ऑन्डान्सेट्रॉननं पोट घट्ट होतं, माझ्या हजारो पेशंटना मी ते दिलंय, त्यांना दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघायला मी कुठं होते.

रानवाटा_जांबोटी:

मॅडम आता कामावर आहात का परत?

भूलवाली_बाई:

अर्धवट. पॅक्लिटॅक्सेलनं बोटांच्या टोकांना बधिरपणा येतो. सुरुवात ब्लाउजच्या हुकांनी झाली, हूक लागला का नुसता टेकला ते कळेना. दुसऱ्या कुणाला एवढं जाचलं नसतं कदाचित, खरं माझं पोट बोटांवर आहे. एपिड्युरल, म्हणजे कण्याजवळ सुईनं द्यायची भूल, देताना सिरिंजच्या दट्ट्याला विरोध असतो आणि एका क्षणी तो जातो, सुई जागेवर आली हे त्यावरून ओळखायचं असतं. पुढं पाव सेंटिमीटर गेली तर भानगड. मी ऑन्कोलॉजिस्टना हुकांचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोस कमी केला लगेच. खुर्चीतल्या बऱ्याच बायका हे सांगत नाहीत, सांगितलं तर औषध कमी पडेल म्हणून. सांगा. वेळेत कमी केलं तर बराच बधिरपणा परत जातो, काही महिने लागतात.

सध्या जनरल अ‍ॅनेस्थेशिया देते, स्पायनल पण जमतं. एपिड्युरलला दुसऱ्याला बोलावते. केसांचा प्रश्न ओटीत नव्हताच, टोपी असतेच की डोक्यावर, कित्येकांना कळलं पण नाही, भुवया गेल्यावर एका वॉर्डबॉयनं विचारलं, मॅडम तुमचं काहीतरी वेगळं दिसायलंय.

निपाणीची_सून:

परत आलोय. डॉक्टरांना सांगितलं तसं, त्यांनी मला बाहेर बसवून सासूबाईंशी बोललं. बाहेर आल्यावर गाडीत गप्प. घरी आल्यावर दिरांना समोर बसवलं आणि विचारलं, माझी बोरमाळ गहाण ठेवून किती काढलंय? दीर गप्प. मग म्हणाल्या, वखारीत माझ्या शेजारी बसणाऱ्या तिघीचौघींचं बघितलंय मी, केस जात्यात ते कशानं जात्यात मला ठावं न्हाई व्हय, उष्णता म्हणून सांगतंय शहाणं. कॅन्सरवर एक शब्द न्हाई, बोरमाळेवरनंच दोन दिवस भांडण चालू हाय. थर्मामीटर मात्र उशाला ठेवलाय, रोज संध्याकाळी मलाच बघायला लावत्यात.

आता नवीनच. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेला जायचं म्हणत्यात, भाकणूक, म्हंजे देवाच्या नावानं सांगत्यात ते भविष्य, ऐकायची हाय. तिसऱ्या केमोनंतर अकराव्या दिवशी येतीया यात्रा. पाठवू का नको?

हिंडलगा_दादा:

बोरमाळेचं भारी. माझे शब्द मागे घेत नाही, पण भारी.

भूलवाली_बाई:

अकरावा दिवस नको हो, नेमका पेशी खाली असायचा तो काळ. डॉक्टरांना विचारा केमो यात्रा झाल्यावर घेता येईल का, म्हणजे अकरा-बारा दिवस पुढं. सणावारासाठी चार-पाच दिवस पुढंमागं करतात बऱ्याचदा, एवढे दिवस मात्र त्यांनाच ठरवू दे, परस्पर करू नका. मग यात्रेच्या दोन दिवस आधी सीबीसी करा, पेशी ठीक असतील तर न्या. ऐन गर्दीत नाही, भाकणूक लांबून ऐकू येते. भंडारा उधळतात तेव्हा मास्क, आणि पोर्ट असेल तर त्यावर पदर नीट. मटण तिथलं नको, घरून शिजवून गरम डब्यात न्या, पाणी पण घरचं.

निपाणीची_सून:

डॉक्टरांना फोन केला, सोमवारी रिपोर्ट बघून सांगतो म्हणाले. मटणाचं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, त्या मॅडमला विचार, अंडी चालत्यात का.

भूलवाली_बाई:

चालतात. पूर्ण उकडलेली, आतलं पिवळं घट्ट झालेलं.